कंपनीतील युजरनेमची लांबी किती ठेवावी: आयटी विभागासाठी सविस्तर मार्गदर्शक

नवी संगणकप्रणाली बसवताना पासवर्डच्या नियमांवर बैठकांवर बैठका होतात, परंतु युजरनेम कमाल किती अक्षरांचे असावे, हा विषय सहसा कोणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नसतो. पहिला फॉर्म ज्याने बनवला त्याने जो आकडा लिहिला, तोच पुढे वर्षानुवर्षे चालत राहतो आणि तो चुकला होता हे तिसरी किंवा चौथी प्रणाली जोडताना कळते. तोवर शेकडो कर्मचाऱ्यांची नावे त्या आकड्यानुसार तयार झालेली असतात आणि नाव बदलायचे म्हणजे ईमेल, फाइलींवरील हक्क, मंजुरीच्या साखळ्या आणि लेखापरीक्षणाच्या नोंदी या सगळ्यांना हात घालावा लागतो. म्हणून हा निर्णय सुरुवातीलाच, मोजमाप करून घेणे हिताचे असते.

लेखभर एकच उदाहरण समोर ठेवू. समजा, चाकण औद्योगिक पट्ट्यातील एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. कार्यालयातील संगणक विंडोज डोमेनवर, म्हणजे सर्वांची खाती एका जागी सांभाळणाऱ्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर आहेत. हिशेब आणि भांडार एसएपीवर, म्हणजे कंपनीचे सर्व व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या ईआरपी प्रकारच्या सॉफ्टवेअरवर चालते. काही लिनक्स सर्व्हर आहेत. गेटपासचे ॲप कंपनीच्याच माणसांनी पोस्टग्रेस डेटाबेसवर बांधलेले आहे. ईमेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे आणि दारात हजेरीचे यंत्र आहे. नमुन्याची नावे येथे देवनागरीत लिहिली असली, तरी अक्षरांची मोजणी सर्वत्र रोमन स्पेलिंगची आहे, कारण प्रत्यक्षात लॉगिन त्याच लिपीत टाइप होते.

पायरी १: नाव कुठे कुठे जाते, याची यादी करा

पहिले काम आकडा ठरवण्याचे नसून युजरनेमचा प्रवास कागदावर उतरवण्याचे आहे. डोमेन, ईआरपी आणि ईमेल ही नावे सर्वांना लगेच आठवतात. विसर पडतो तो व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कात येण्याची सोय), वायफायचे प्रमाणीकरण, बॅकअपचे सॉफ्टवेअर, भांडारातील बारकोड वाचणारी हातातली यंत्रे, कार्ड दाखवून छपाई करणारे प्रिंटर, हजेरीयंत्र आणि बँकेला पाठवायच्या पगारपत्रकाची फाइल यांचा. प्रत्येक ठिकाणी दोन वेगळे प्रश्न विचारावेत: ही प्रणाली किती लांब नाव स्वीकारते, आणि किती लांब नाव पूर्ण दाखवते? ही दोन्ही उत्तरे पुष्कळदा वेगळी निघतात. लिनक्सवर बारा अक्षरांचे नाव बिनतक्रार तयार होते, परंतु चालू प्रक्रियांची यादी दाखवणाऱ्या पीएस या आदेशाचा नावाचा रकाना पूर्वापार आठ अक्षरांचा असल्यामुळे, जुन्या आवृत्त्या लांब नावाऐवजी वापरकर्त्याचा अंकी क्रमांक दाखवतात आणि अलीकडच्या आवृत्त्या नाव कापून शेवटी अधिकचे चिन्ह लावतात. मध्यरात्री सर्व्हर अडकलेला असताना कोणाची प्रक्रिया थांबवायची हे शोधणाऱ्यासाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो.

यादी करताना विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर विसंबू नये. ‘आमच्याकडे काही मर्यादा नाही’ हे उत्तर खरे तर ‘आम्ही कधी मोजले नाही’ असे वाचावे.

पायरी २: कठोर मर्यादा कोणत्या, ते ओळखा

काही मर्यादा सेटिंग बदलून वाढतात, तर काही प्रणालीच्या पायातच असतात आणि त्यांना वळसा घालता येत नाही. आपल्या उदाहरणात दुसऱ्या प्रकारच्या दोन आहेत. ॲक्टिव्ह डिरेक्टरीमध्ये प्रत्येक खात्याला विंडोज २००० च्या आधीच्या पद्धतीचे एक लॉगिन नाव असते, ज्याला सॅम-अकाउंट-नेम म्हणतात आणि जे वापरकर्त्याच्या खात्यासाठी २० अक्षरांपुरतेच असते. ईमेलसारखे दिसणारे दुसरे नाव बरेच लांब असू शकते, पण डोमेनचे नाव, उलटी तिरकी रेघ आणि मग युजरनेम अशा जुन्या थाटाने लॉगिन मागणारी सॉफ्टवेअर आजही इतकी आहेत, की २० ची मर्यादा विसरून चालत नाही. एसएपीमध्ये युजरनेमचा रकाना १२ अक्षरांचा आहे. या दोन आकड्यांतच कारखान्याचा निम्मा निर्णय झालेला असतो.

इतरांकडे काय आहे, तेही माहीत असावे, कारण आज नसलेली प्रणाली उद्या कंपनी विकत घेतल्याने किंवा ग्राहकाच्या आग्रहाने गळ्यात पडू शकते. आयबीएम आय या प्रणालीत, जिला जुनी मंडळी अजूनही एएस-४०० म्हणतात, युजर प्रोफाइलचे नाव १० अक्षरांचे असते. आयबीएमच्या मेनफ्रेमवर ही मर्यादा ८ आहे आणि तेथील टीएसओ या कार्यपरिसरात तर २०१७ मध्ये आलेल्या झेडओएस २.३ पर्यंत ती ७ च होती. जुन्या युनिक्स परंपरेतही आठाचाच दंडक होता. लिनक्सवर खाते बनवणारा नेहमीचा आदेश दीर्घकाळ ३२ अक्षरे मान्य करत आला आहे. डेटाबेसपुरते बोलायचे, तर मायएसक्यूएलच्या खात्याचे नाव पूर्वी १६ अक्षरांचे होते आणि ५.७.८ या आवृत्तीपासून ३२ झाले. ओरॅकलची मर्यादा ३० बाइटची (बाइट म्हणजे संगणकातील साठवणुकीचे माप; अक्षराशी त्याचे नाते पायरी ५ मध्ये) होती, ती १२.२ या आवृत्तीपासून १२८ बाइट झाली. पोस्टग्रेसमध्ये ती ६३ बाइट आहे. ईमेलच्या पत्त्यात ॲट चिन्हाच्या आधीचा भाग ६४ पर्यंत जाऊ शकतो. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधील लॉगिन नावातही ॲटच्या आधी ६४ आणि नंतर ४८ अशी विभागणी असून एकूण मर्यादा ११३ आहे.

ज्या साखळीतून एकच नाव फिरणार आहे, त्या साखळीतील सर्वांत लहान कठोर आकडा ही आपली कमाल मर्यादा. आपल्या कारखान्यात ती १२ आहे.

पायरी ३: आपल्या माणसांची नावे मोजा

हा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो आणि माझ्या मते हाच सर्वांत उपयोगाचा आहे. इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले ‘पहिले नाव, टिंब, आडनाव’ हे सूत्र मराठी नावांपुढे लवकर थकते. चंद्रशेखर या नावाची रोमन अक्षरे १४ होतात आणि सहस्रबुद्धे या आडनावाची १३. मधले टिंब धरून एकूण २८. हे नाव २० वर कापले, तर ‘चंद्रशेखर’, टिंब आणि ‘सहस’ एवढेच उरते. १२ वर कापले, तर चंद्रशेखरमधील शेवटची दोन अक्षरेही गळतात आणि कंपनीतील सगळे चंद्रशेखर एकाच युजरनेमवर येऊन आदळतात. देशपांडे आडनावाचा चंद्रशेखर घेतला, तरी २४ होतात.

म्हणून नामाभिधानाची पद्धत ठरवण्याआधी पगारपत्रकातून नावांची यादी काढावी आणि ती एक्सेलमध्ये तपासावी. एका रकान्यात प्रस्तावित पद्धतीने बनलेले पूर्ण नाव ठेवावे. दुसऱ्यात लेन सूत्राने त्याची लांबी काढावी. पुढच्या तीन रकान्यांत लेफ्ट सूत्राने ते ८, १२ आणि २० वर कापावे. आणि त्या प्रत्येकापुढे काउंटइफ सूत्राने तेच कापलेले नाव यादीत किती वेळा आले आहे, ते मोजावे. जिथे उत्तर १ पेक्षा मोठे, तिथे टक्कर आहे. अर्ध्या तासाचे हे काम आहे आणि त्यातून मिळणारा आकडा कोणत्याही सल्लागाराच्या मतापेक्षा वजनदार असतो, कारण तो आपल्याच माणसांचा असतो.

पहिल्या नावाचे आद्याक्षर आणि त्यापुढे आडनाव ही पद्धत पुष्कळ जागा वाचवते. ‘व्ही’ आणि देशपांडे मिळून १० अक्षरे होतात, म्हणजे आयबीएम आयच्या मर्यादेत ते बरोबर बसते. पण याच पद्धतीची मर्यादा कुठे येते, ते पाहण्यासाठी ‘एस’ आद्याक्षराचे कोल्हापुरे आणि कोल्हापूरकर घ्यावेत. ८ अक्षरांवर दोघांचे युजरनेम एकच होते, कारण दोन्ही आडनावांची पहिली सात अक्षरे सारखी आहेत. १० वर दोघे वेगळे होतात. दोन अक्षरांनी काय साधते, ते अशा जोड्यांमधून दिसते. उलटपक्षी पाटील, पवार, शिंदे, जाधव ही आडनावे इतकी छोटी आहेत की लांबीचा प्रश्नच येत नाही, परंतु त्यांची संख्याच एवढी असते की मर्यादा १२ केली काय किंवा ६४ केली काय, टक्कर व्हायची ती होतेच. लांबी वाढवून सुटणारी टक्कर आणि लांबीशी संबंध नसलेली टक्कर अशा दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात.

दुसऱ्या प्रकारच्या टकरीसाठी मधल्या नावाचे आद्याक्षर घालण्याचा मोह होतो. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते आणि लग्नानंतर अनेक स्त्रियांचे मधले नाव आणि आडनाव अशी दोन्ही बदलतात, हे लक्षात घेता युजरनेममध्ये जितके कमी घटक गुंफावेत तितके बरे. त्यापेक्षा शेवटी दोन अंकांची जागा राखून ठेवणे सोपे पडते. कमाल मर्यादा १२ असेल, तर नावापासून बनणारा भाग १० वर थांबवावा आणि उरलेली दोन स्थाने ‘०२’, ‘०३’ यांसाठी मोकळी ठेवावीत. कंत्राटी कामगारांच्या खात्यांना सुरुवातीला एखादे वेगळे अक्षर लावायचे असेल, तर तेही याच हिशेबात धरावे लागते आणि मग नावाच्या वाट्याला ९ च उरतात.

स्पेलिंग मनाने करू नये. दीक्षित हे आडनाव कोणी पाच अक्षरांत लिहितो, तर कोणी सात. चौधरींची तर किमान तीन स्पेलिंगे प्रचारात आहेत. मनुष्यबळ विभागाच्या नोंदीत जे स्पेलिंग आहे तेच घ्यावे, म्हणजे पुढे पगारपत्रक आणि लॉगिन यांची सांगड घालताना डोके खाजवावे लागत नाही.

पायरी ४: कर्मचारी क्रमांक वापरायचा असेल, तर

मोठ्या कारखान्यांत नावाऐवजी कर्मचारी क्रमांकच युजरनेम म्हणून देतात. लांबीचा, स्पेलिंगचा आणि लग्नानंतरच्या बदलाचा असे तिन्ही प्रश्न त्यामुळे मिटतात, आणि मंजुरीच्या पडद्यावर माणूस ओळखू येत नाही ही गैरसोय बाजूला नाव दाखवून भरून काढता येते. मात्र निव्वळ अंकांचे युजरनेम कधीही देऊ नये. लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला अंकी क्रमांक असतोच, त्यामुळे ‘४५१२’ हे नाव आहे की क्रमांक, याचा घोळ होतो. अंकाने सुरू होणाऱ्या नावाचा धोका २०१७ मध्ये ठळकपणे समोर आला: लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या सिस्टमडी या प्रणालीला सेवेच्या फाइलमध्ये अंकाने सुरू होणारे युजरनेम दिले, तर ती ते अवैध ठरवून त्या ओळीकडे दुर्लक्ष करत असे आणि सेवा थेट रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याखाली चालू होत असे. क्रमांकाआधी एक अक्षर लावले की हा प्रश्न उरत नाही. शिवाय ‘००४५१२’ मधील सुरुवातीची शून्ये एक्सेल खाऊन टाकते, ती सवयही त्या एका अक्षराने मोडते.

या ओघात एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आधार क्रमांक १२ अंकी आहे आणि पॅन १० अक्षरांचा. दोन्ही प्रत्येकाचे वेगळे असतात आणि एसएपीच्या रकान्यात हुबेहूब बसतात, म्हणून ते वापरावेत असे सुचवणारा कोणीतरी बैठकीत निघतोच. युजरनेम ही गुप्त गोष्ट नव्हे. ते लॉगमध्ये, छापील अहवालांवर आणि मदतकक्षाच्या तक्रारींवर उघडे पडते. तिथे आधार, पॅन किंवा मोबाइल क्रमांक जाता कामा नये.

पायरी ५: अक्षर की बाइट, हे तपासा

मर्यादा ‘५०’ आहे असे म्हटल्यावर पन्नास काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. रोमन अक्षरांत एक अक्षर म्हणजे एक बाइट असल्यामुळे फरक जाणवत नाही. देवनागरीत तो लगेच जाणवतो. ‘क्षितिज’ हे नाव वाचणाऱ्याला तीन अक्षरांचे दिसते. युनिकोडच्या हिशेबाने त्यात क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी आणि ज असे सात घटक आहेत. आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या नेहमीच्या पद्धतीत ठेवल्यावर प्रत्येक घटकाला तीन याप्रमाणे २१ बाइट लागतात. पोस्टग्रेसच्या ६३ बाइटांत अशी केवळ तीन क्षितिजे मावतील. त्यात ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र निदान दोन प्रकारे टाइप होतो, एकदा ऱ पासून आणि एकदा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द असतात. दोन वेगळी खाती एकाच चेहऱ्याची निघणे लॉगिनच्या बाबतीत परवडणारे नाही.

म्हणून कार्यालयीन प्रणालींसाठी माझे मत असे आहे, की लॉगिनचे युजरनेम लहान लिपीतील रोमन अक्षरे, अंक आणि फार तर टिंब एवढ्यांपुरते ठेवावे आणि पडद्यावर दिसणाऱ्या नावाचा रकाना वेगळा, ऐसपैस आणि देवनागरी मान्य करणारा ठेवावा. माणसाचे नाव नीट दिसले पाहिजे, हा आग्रह रास्तच आहे. तो त्या दुसऱ्या रकान्यात पूर्ण होतो. मोठ्या-लहान लिपीचेही एकदाच ठरवून टाकावे, कारण विंडोज डोमेनला त्यातील फरक कळत नाही आणि लिनक्सला कळतो.

पायरी ६: दोन आकडे लिहा, एक नव्हे

नवे युजरनेम देताना पाळायची मर्यादा आणि डेटाबेसमधील रकान्याची रुंदी या वेगळ्या गोष्टी आहेत. गेटपास ॲपच्या टेबलमध्ये रकाना १२ चाच केला, तर उद्या एखाद्या पुरवठादाराला ईमेल पत्त्याने लॉगिन द्यायचे झाल्यास टेबल बदलावे लागेल. म्हणून साठवणुकीचा रकाना ईमेलचा पूर्ण पत्ता मावेल असा, म्हणजे निदान २५४ चा ठेवावा, आणि १२ ची मर्यादा नाव देण्याच्या नियमात ठेवावी. याच्या जोडीला प्रत्येक खात्याला कधीही न बदलणारा अंतर्गत क्रमांक असावा आणि इतर सर्व टेबलांनी त्या क्रमांकालाच धरावे. युजरनेम हा माणसाच्या सोयीचा दर्शनी भाग झाला की तो बदलणे म्हणजे एका ओळीतील दुरुस्ती उरते.

किमान मर्यादेवर फार खल करण्याची गरज नाही. ३ ठेवावी.

पायरी ७: मर्यादा ओलांडली, तर नकार द्या, गुपचूप कापू नका

या एका नियमावर तडजोड नको. लांब नाव आले की प्रणालीने स्पष्ट संदेश देऊन ते नाकारावे. वेब फॉर्ममधील कमाल लांबीचे बंधन मात्र पेस्ट केलेला मजकूर कोणताही इशारा न देता तोडते. नोंदणीच्या फॉर्मवर ते १२ आणि लॉगिनच्या फॉर्मवर १० राहिले, तर काही मोजक्या लोकांना पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश मिळत नाही आणि मदतकक्ष पासवर्डच बदलून देत बसतो. पोस्टग्रेसही भूमिकेचे (तेथे खात्याला हेच म्हणतात) नाव ६३ बाइटांपलीकडे गेले, की एक सूचना दाखवून ते कापते आणि पुढे जाते. सूचना स्क्रिप्टच्या धबडग्यात कोणी वाचत नाही.

कापण्याने केवळ गैरसोय होते असे नाही. मायएसक्यूएल शिथिल पद्धतीने चालत असेल, तर ती रकान्यापेक्षा लांब मजकूर कापून साठवते, आणि तुलना करताना, विशेषतः ८.० च्या आधीच्या आवृत्त्यांत, शेवटच्या मोकळ्या जागा सहसा विचारात घेत नाही. ‘ॲडमिन’ या शब्दापुढे पुरेशा मोकळ्या जागा आणि शेवटी एखादे अक्षर टाकून नवे खाते उघडले, तर तपासणीच्या वेळी ते वेगळे नाव ठरते आणि साठवल्यावर मात्र ‘ॲडमिन’च्या जुळ्यासारखे वागते. २०१५ मध्ये आलेल्या ५.७ या आवृत्तीपासून कडक पद्धत, म्हणजे लांब मजकूर कापण्याऐवजी नाकारणारी, मूळ सेटिंगमध्येच आहे. जुन्या सर्व्हरवरून उचललेली सेटिंगची फाइल ती बंद करत नाही ना, हे पाहावे.

वरची मर्यादाच न ठेवणे हाही मार्ग नाही. २०२४ मध्ये ओक्टा या लॉगिन सेवा पुरवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या प्रणालीतील एक दोष जाहीर केला. तेथे वापरकर्त्याचा अंतर्गत क्रमांक, युजरनेम आणि पासवर्ड एकापुढे एक जोडून त्यांवर बीक्रिप्ट ही (पासवर्ड ओळखता येणार नाही असा सांकेतिक रूपात बदलणारी) प्रक्रिया केली जात होती, आणि बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच विचारात घेते. परिणामी युजरनेम ५२ किंवा अधिक अक्षरांचे असेल, तर पासवर्डची पाळी येण्याआधीच ७२ बाइट संपत आणि आधी यशस्वी लॉगिनची साठवण झालेली असल्यास विशिष्ट परिस्थितीत पासवर्डविना प्रवेश मिळू शकत असे. जुलै २०२४ मध्ये आलेला हा दोष ३० ऑक्टोबरला दुरुस्त झाला. ५२ अक्षरे ऐकायला अतिरेकी वाटतात, पण ईमेल हेच युजरनेम असेल आणि डोमेनचे नाव भारदस्त असेल, तर सहस्रबुद्ध्यांना तिथपर्यंत पोहोचायला फारसे कष्ट पडत नाहीत.

पायरी ८: यंत्रांची खाती वेगळी धरा

बॅकअप, अहवाल आणि प्रणालींची परस्पर देवाणघेवाण यांसाठी जी खाती लागतात, त्यांची नावे वर्णनपर ठेवण्याच्या नादात लांबत जातात. विंडोज डोमेनमध्ये पासवर्ड आपोआप बदलणारी जी गट-व्यवस्थापित सेवाखाती असतात, त्यांचे नाव १५ अक्षरांतच बसवावे लागते. अशा खात्यांसाठी ठरावीक उपसर्ग, प्रणालीचे तीन-चार अक्षरी लघुरूप आणि अंक एवढेच ठेवून सविस्तर वर्णन डिस्क्रिप्शनच्या रकान्यात लिहावे.

पायरी ९: चाचणी घ्या आणि मगच जाहीर करा

चार चाचणी खाती पुरतात: एक बरोबर १२ अक्षरांचे, एक १३ अक्षरांचे, एक किमान लांबीचे आणि एक पहिल्या खात्यापेक्षा फक्त शेवटच्या अक्षराने वेगळे असलेले. तेरा अक्षरांचे खाते सर्वत्र नाकारले गेले पाहिजे. जिथे ते तयार झाले, तिथे नाव पूर्ण साठले की गुपचूप कापले गेले, याचा शोध घ्यावा. उरलेल्या खात्यांनी संगणकावर लॉगिन करावे, एसएपीत एक नोंद करावी, गेटपास काढावा, एक पान छापावे आणि व्हीपीएनने बाहेरून यावे. दुसऱ्या दिवशी सर्व लॉग आणि अहवाल काढून पहिले आणि चौथे खाते प्रत्येक ठिकाणी वेगवेगळे ओळखता येते का, ते पाहावे. एखाद्या अहवालात दोघे एकरूप झाले असतील, तर त्या अहवालाच्या रकान्याची रुंदी वाढवावी. ते शक्य नसेल, तर अंतर्गत क्रमांक सोबत छापावा. काम झाल्यावर चाचणी खाती बंद करावीत.

आधीपासून असलेली लांब नावे एका रात्रीत बदलण्याचा हट्ट धरू नये. जी १२ च्या पलीकडे आहेत, त्यांची यादी करावी, त्यांतील एसएपीची गरज ज्यांना आहे त्यांना आधी घ्यावे आणि जुन्या ईमेल पत्त्यावर येणारी पत्रे नव्या पत्त्यावर वळती राहतील अशी सोय ठेवावी. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे युजरनेम दुसऱ्याला देऊ नये, कारण जुन्या नोंदींत मंजुरी कोणी दिली होती, हे नंतर सांगता येत नाही.

शेवटी हे सर्व एका पानावर लिहून आयटी प्रमुख आणि मनुष्यबळ प्रमुख या दोघांच्या सहीने जारी करावे, आणि खरेदी विभागाच्या निविदा-नमुन्यात एक प्रश्न कायमचा घालावा: आपल्या प्रणालीत युजरनेमची कमाल लांबी किती आहे, ती अक्षरांत आहे की बाइटांत, आणि ती ओलांडल्यास प्रणाली नाकारते की कापते? उत्तर लेखी घ्यावे आणि ते १२ पेक्षा कमी आले, तर खरेदीआदेश निघण्याआधी पुन्हा पहिल्या पायरीच्या यादीकडे यावे.